पत्त्याने स्वतःहून हलू नये

माणूस केव्हा संपतो याबद्दल जगात फारसे मतभेद नाहीत. संपलेला माणूस सहसा वाद घालत नाही, आणि त्याचे नातेवाईक जमिनीच्या वाटणीत गुंतलेले असतात. खरा घोळ आहे तो माणूस केव्हा सुरू होतो याचा. डॉक्टर एक सांगतात, धर्मगुरू दुसरे सांगतात, तत्त्वज्ञ तिसरेच सांगून चहा मागवतात. कोरियाच्या राजधानीतल्या मोठ्या न्यायालयाने तर या प्रश्नाचा अवघड भाग मागेच संसदेकडे सोपवला. संसद त्यावर विचार करते आहे, आणि विचार करणाऱ्याला मध्येच हटकू नये असा सभ्य देशांचा संकेत आहे. (ती अजून विचार करते आहे.)

हाच प्रश्न मुरयांग तालुक्याने एका दुपारी, जेवणाआधी सोडवला. त्याचे श्रेय लोकसंख्या विभागाचे प्रमुख थाक चोंग-मुन यांना जाते. पुढे ते त्यांच्याकडून काढून घेण्यात आले, ही गोष्ट वेगळी.

मुरयांग हा डोंगरातला तालुका. तिथला लसूण तिखट आणि माणसे म्हातारी. तिथे लहान मूल रडताना ऐकू आले, की कोणाकडे तरी शहरातले पाहुणे आलेत एवढे लोकांना कळते. प्राथमिक शाळेत आता लसणाचे संग्रहालय आहे. तालुक्यातले एकमेव प्रसूतिगृह होते, त्याचे अंत्यविधी भवन झाले. इमारत तीच, खाटाही त्याच, फक्त ये-जा करण्याची दिशा बदलली. वरून फतवा आला होता, की ज्या तालुक्याची लोकसंख्या ठरावीक आकड्याखाली जाईल तो शेजारच्या तालुक्यात विलीन होईल. आणि मुरयांगचा शेजारी म्हणजे सांगदोक. सांगदोकचा लसूण पाणचट असतो आणि ते तो मुरयांगच्या नावाने विकतात. अशा लोकांत विलीन होण्यापेक्षा माणसाने थेट अंत्यविधी भवनात विलीन व्हावे, असे मुरयांगचे मत होते आणि अनेकजण तसे करतही होते. त्यामुळे आकडा आणखी घसरत होता.

अशातच सरकारने वय मोजण्याची जुनी रीत मोडीत काढली. या देशात मूल जन्मते तेच एक वर्षाचे, कारण आईच्या पोटातले महिने धरायचे आणि वर उदारपणे ते पूर्ण वर्षापर्यंत ओढायचे. आता कायद्याने मूल शून्यापासून सुरू होणार. एका सकाळी सगळा देश वर्षभराने तरुण झाला. हा हुकूम गुडघ्यांपर्यंत मात्र पोचला नाही.

दुसऱ्याच दिवशी मुरयांगच्या वृद्धांचा मोर्चा लोकसंख्या विभागावर आला. पुढे थाकसाहेबांची स्वतःचीच आई होती, माल-सून आजी. तिने काठी टेबलावर आपटली.

"काय रे साहेबा, माझं एक वर्ष तुम्ही खाल्लंत म्हणे?"

"आई, मी नाही. सरकारने."

"तू कोण मग? घरी भात खाताना मुलगा, इथे बसलास की सरकार. मला एवढंच सांग, ते वर्षभर मी माझ्या आईच्या पोटात काय होते? मुळा?"

थाकसाहेबांनी टाचण घेतले: मुळा नव्हे. मग पेन तसेच हातात राहिले. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना प्रथमच कल्पना सुचत होती, त्यामुळे ती ओळखायला वेळ लागला. आई पोटात असताना मुळा नव्हती. म्हणजे कोणीतरी होती. कोणीतरी होती म्हणजे कुठेतरी राहत होती. आणि जो तालुक्यात राहतो तो तालुक्याचा रहिवासी. सरकारने ते वर्ष वयातून काढले होते. ते लोकसंख्येत मिळवायला कोणाची हरकत होती?

तालुक्याचे प्रमुख माननीय प्योसाहेब यांना ही कल्पना इतकी आवडली की ती त्यांना स्वतःलाच सुचली. लगेच 'मानवारंभ निश्चिती समिती' नेमण्यात आली. तीत आरोग्य केंद्राचे डॉक्टर, चर्चचे पाद्री, डोंगरावरच्या मठातले भिक्खू आणि निवृत्त मुख्याध्यापक होते. स्त्री सदस्य घेण्याचा प्रस्ताव एकमताने मंजूर झाला होता, पण बैठक नेमकी किमची, म्हणजे कोबीचे तिखट लोणचे, घालण्याच्या आठवड्यात आली आणि तालुक्यातल्या झाडून सगळ्या बायका कोपरापर्यंत तिखटात होत्या.

पाद्री म्हणाले, जीव आणि त्याचे हक्क गर्भधारणेच्या क्षणी सुरू होतात. डॉक्टर म्हणाले, जीव हळूहळू होत जातो, हृदय सोनोग्राफीच्या पडद्यावर लुकलुकते, मग पुढे मेंदू जागा होतो, एक क्षण बोट ठेवून दाखवता येत नाही. (डॉक्टरांनी तो पडदा वर्षानुवर्षे पाहिला नव्हता. त्यांच्याकडे येत ते फक्त गुडघे.) भिक्खू म्हणाले, येणारा आधीच कुठूनतरी निघालेला असतो, तेव्हा सुरुवात विचारणे म्हणजे नदीला वाढदिवस विचारणे. मुख्याध्यापक म्हणाले, विषय चांगला आहे, पण आधी हजेरी घ्यावी.

वाद रंगला होता, तेवढ्यात माल-सून आजी ताजी किमची आणि उकडलेल्या डुकराच्या मांसाचे ताट घेऊन आत आली.

"चाललंय काय?"

"माणूस कधी सुरू होतो ते ठरवतोय, आजी," डॉक्टर म्हणाले.

"त्यात ठरवायचं काय? स्वप्न पडतं तेव्हा. माझ्या नातीला दिवस जायच्या आधी महिनाभर मला स्वप्न पडलं. हा एवढा मोठा पिवळाधमक भोपळा गडगडत आला नि माझ्या ओच्यात शिरला. मी त्याच दिवशी तिला सांगितलं, येतंय गं कोणीतरी. तिला स्वतःला पत्ता नव्हता. चोंग-मुनच्या वेळी सासूबाईंना डुक्कर दिसलं होतं."

समितीने थाकसाहेबांकडे पाहिले आणि पुरावा ग्राह्य धरला. असे स्वप्न या देशात कोणाला पडत नाही? आईला, आजीला, कधी शेजारणीलाही पडते. शिवाय इतर सर्व मतांपेक्षा हे मत तालुक्याला किमान महिनाभर आधी रहिवासी मिळवून देत होते. ताट रिकामे होईतो ठराव झाला: मानवी जीवन आणि त्याचे हक्क गर्भधारणा, हृदयाचा ठोका किंवा स्वप्न, यांपैकी जे आधी घडेल तेव्हापासून सुरू झाले असे समजावे.

हक्क म्हटले की यादी आली. गर्भस्थ रहिवाशाला नावाचा हक्क मिळाला. (घरोघरी पोटातल्या बाळाला लाडाचे नाव असतेच, ते आता अधिकृत झाले. भोपळ्याच्या स्वप्नावरून थाकसाहेबांच्या नातवंडाचे नाव होबागी पडले होते, ते तालुक्याच्या पहिल्या गर्भस्थ रहिवाशाचे नाव म्हणून नोंदले गेले.) बसमधल्या, गरोदर बायकांसाठी राखलेल्या गुलाबी जागेवर त्याचा हक्क निर्विवाद झाला, आणि ती जागा 'केवळ अद्याप न जन्मलेल्यांसाठी' अशी पाटी थाकसाहेबांनी स्वतः रंगवून घेतली. चांद्र नववर्षाच्या सणाला सरकारी भेटीची पेटी त्याच्या नावे येऊ लागली. अपशब्द कानी न पडण्याचा हक्क, वाकडी फळे पोटात न येण्याचा हक्क, बदकाचे मांस न खाल्ले जाण्याचा हक्क, कारण त्याने बोटांना पडदे येतात असे मुख्याध्यापकांनी लेखी दिले होते.

मग एक तांत्रिक अडचण उभी राहिली. प्रत्येक रहिवाशाला पत्ता लागतो. होबागीचा पत्ता काय लिहायचा? घर लिहिता येईना, कारण तो घरात नव्हता. अखेर नियमावलीत सरळच लिहिले गेले, की गरोदर स्त्री हा गर्भस्थ रहिवाशाचा सध्याचा पत्ता होय. एकदा हे ठरल्यावर बाकीचे आपोआप ठरत गेले. रहिवासी पत्ता बदलू शकतो, पण पत्त्यानेच उठून दुसऱ्या तालुक्यात जाणे याला प्रशासनात कुठेही पूर्वदाखला नव्हता. म्हणून कलम अकरा: पत्त्याने स्वतःहून हलू नये. हलायचेच झाल्यास रहिवाशाची संमती घ्यावी, आणि ती घेण्यासाठी एक पालक-अधिकारी असावा. पालक-अधिकारी म्हणून थाकसाहेबांची नेमणूक झाली. पत्त्याची संमती घेण्याची तरतूद कोणाला सुचली नाही. घराला विचारून कोणी घर बदलते का?

योजना फोफावली. पहिल्या महिन्यात चाळीसच्या वर स्वप्ने नोंदली गेली. भोपळे, मासे, नाग, मिरच्या, एकाला तर ट्रॅक्टर दिसला. स्वप्न पाहणाऱ्यांचे सरासरी वय एक्क्याऐंशी होते. (नव्या पद्धतीने. जुन्या पद्धतीने ब्याऐंशी.) आकडा मर्यादेच्या वर गेला, सांगदोकचे लोक जळू लागले, आणि कोणीतरी, बहुधा त्यांच्यातल्याच कोणीतरी, वर कळवले. राजधानीहून पत्र आले, की येत्या गुरुवारी निरीक्षक तपासणीला येतील आणि किमान एक गर्भस्थ रहिवासी प्रत्यक्ष पाहतील.

पाहण्याजोगा मुरयांगमध्ये एकच होता. बाकीचे उशीवर होते.

हा एक रहिवासी थाकसाहेबांच्या मुलीच्या, ये-दामच्या पोटात होता. तिचा नवरा जहाजबांधणीच्या कामावर दूर किनाऱ्याला, म्हणून ती माहेरी राहत होती. आठवा सरत आला होता. पाय सुजून चपलेत मावत नव्हते आणि रक्तदाब चढत होता. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले होते, की मुरयांगमध्ये थांबू नका, मोठ्या इस्पितळाजवळ या, वेळ आली तर तासाभराचा डोंगररस्ता परवडणार नाही.

बुधवारी संध्याकाळी जेवताना ये-दाम म्हणाली, "बाबा, तुमचा पत्ता उद्या सकाळच्या बसने शहरात चाललाय."

थाकसाहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. "उद्या? अगं, उद्या निरीक्षक येणार! परवा जा. शुक्रवारी मी स्वतः सोडतो."

"आज माझा रक्तदाब किती भरलाय, विचारलंत?"

"विचारणारच होतो. पण कलम अकरा..."

"कलम अकरा तुम्ही लिहिलंत ना? मग खोडा."

"असं नाही खोडता येत गं. समिती बोलवावी लागते. मुख्याध्यापक आठवडाभर मुलाकडे गेलेत."

माल-सून आजीने चमचा खाली ठेवला. "चोंग-मुन, हिच्या जन्माच्या वेळी हिची आई कशी निपचित पडली होती, आठवतं? तुझं सरकार तेव्हा अंगणात उकिडवं बसून रडत होतं. प्रसूतिगृह चार पावलांवर होतं म्हणून दोघी वाचल्या. आता काय आहे तिथे?"

तिथे काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होते. गेल्याच आठवड्यात थाकसाहेबांनी तिथे पांढरी फुले पाठवली होती. (ये-दामची आई आता शहरात बहिणीच्या नूडलच्या दुकानात मदतीला होती. मुरयांगच्या बायका कुठे ना कुठे मदतीला असतातच.)

"तुझ्यासाठीच तर केलं सगळं," ते ये-दामला म्हणाले. "म्हणजे होबागीसाठी. त्याला हक्क मिळाले, नाव मिळालं. समितीने ठरवलं, तो कधी सुरू झाला ते."

"मला विचारलंत?"

"तू... त्या दिवशी किमची चालली होती."

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं." ये-दामने पाय उशीवर घेतले. "पडद्यावर काहीतरी लुकलुकलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बघा. मी बघितलं. खोटं कशाला बोलू, मला काहीच वाटलं नाही. आजीच्या भोपळ्याचं हसू आलं. मग एकदा दुकानात पीच घेत होते. मी नेहमी एक घेते. त्या दिवशी दोन घेतले. घरी येऊन पिशवी उघडली आणि बघतच बसले, हा दुसरा कुणासाठी? माझ्यापुरता तो तेव्हा सुरू झाला. दुसऱ्या एखादीला विचारा, ती दुसरंच सांगेल, आणि तिचंही खरंच असेल. पण तुम्हाला मी एवढंच सांगते बाबा, तो कधीही सुरू झालेला असो, तो मी संपल्यावर नाही सुरू राहणार."

थाकसाहेबांना लाज वाटली. ती त्यांना आधी कधी वाटली नसल्याने त्यांनी ती अपचन समजून मुळ्याचे पाणी प्यायले, पण गेली नाही. ते उठले, बॅगेतून शिक्का काढला आणि मुलीसमोर मांडी घालून बसले.

"पालक-अधिकारी या नात्याने मला रहिवाशाची संमती घ्यावी लागेल," ते खाकरून म्हणाले. "हात ठेवू?"

ये-दामने त्यांचा हात ओढून पोटावर ठेवला. थाकसाहेबांनी कचेरीतल्या आवाजात विचारले, "रहिवासी होबागी, तुमचा पत्ता शहरात हलवण्यास आपली हरकत आहे काय?"

आतून अशी सणसणीत लाथ बसली की साहेबांचा हात उडाला. जन्मभर त्यांनी माणसे मोजली होती, पण मोजलेल्यांपैकी कोणी त्यांना लाथ मारली नव्हती. (अनेकांना मारावीशी वाटली असेल.) त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी लिहिले, 'रहिवाशाने ठामपणे संमती दिली,' आणि शिक्का मारला. सकाळच्या बसची वाटही न पाहता तालुक्याच्या 'लोकसंख्या संवर्धन' अशा रंगवलेल्या गाडीतून त्यांनी पत्त्याला, आजीला आणि बाळंतिणीसाठीच्या समुद्रशेवाळाच्या सुपाच्या पातेल्याला शहरात पोचवले. गुरुवारी दुपारी, निरीक्षक मुरयांगला उतरत होते त्याच सुमारास, शहरात घाईने शस्त्रक्रिया झाली आणि होबागी जन्मली. ती मुलगी निघाली. मायलेकी सुखरूप होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शुक्रवारी आला असतात तर मी काही सांगू शकले नसते.

इकडे निरीक्षकांना दाखवायला रहिवासी उरला नव्हता. प्योसाहेबांना घाम फुटला. पण निरीक्षक मोठे अभ्यासू गृहस्थ होते. त्यांनी आकडेवारी चाळली आणि त्यांचा चेहरा उजळला. तालुक्यात नोंदलेल्या, अद्याप न जन्मलेल्या रहिवाशांपैकी एकही स्वतःहून तालुका सोडून गेला नव्हता. उलट गेल्या वीस वर्षांत जन्मलेल्यांपैकी जवळजवळ सगळे निघून गेले होते. जन्माला आले की लोक डॉक्टर मागत, शाळा मागत, रात्रीची बस मागत, आणि ते नसले की जात. न जन्मलेल्यांची मात्र एकही तक्रार नव्हती. 'जन्म हे स्थलांतराचे प्रमुख कारण असल्याचे दिसते,' असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि मुरयांगची आदर्श तालुका म्हणून शिफारस केली. विलीनीकरण टळले. होबागीला जन्माकडे जाऊ देण्याची हलगर्जी केल्याबद्दल थाकसाहेबांची तेवढी दफनभूमी विभागात बदली झाली. तिथले रहिवासी लाथ मारत नाहीत.

बाळाचे शंभर दिवस भरले, तेव्हा ये-दाम तिला मुरयांगला घेऊन निघाली. शंभराव्या दिवसाची पांढरी तांदळाची वडी शेजारपाजारी वाटायची होती. थाकसाहेब सोबत होते, सरकारी गाडी नव्हती. बस गच्च भरलेली. गुलाबी जागा तेवढी रिकामी. ये-दाम बाळाला पाठीशी बांधून कशीबशी आत आली आणि तिथे टेकली.

ड्रायव्हरने आरशातून पाहिले. "ताई, पोटात आहे का कोणी?"

"होती. आता पाठीवर आहे."

"मग उठावं लागेल. पाटी वाचा, ती जागा न जन्मलेल्यांची आहे."

"अहो, ही तीच आहे! होबागी! हिच्याच नावाने तर पाटी लागली!"

"असेल. पण आता जन्मली ना?"

थाकसाहेबांनी पाटी पाहिली. अक्षर सुबक होते. त्यांनी मुलीला हात देऊन उठवले आणि बसभर नजर फिरवली, कोणीतरी उठेल म्हणून. बाळ मोठ्याने रडत होते आणि दोन्ही बाजूंच्या रांगांतले सगळे प्रवासी गाढ झोपले होते. त्यांत डॉक्टर होते, पाद्री होते, सणाची पेटी स्वहस्ते वाटणारी मंडळी होती, आणि जीव कधी सुरू होतो याबद्दल त्यांतल्या प्रत्येकाचे ठाम मत होते.

ये-दाम दांडीला धरून उभी राहिली. डोंगररस्त्याच्या प्रत्येक वळणावर तिचा तोल जात होता आणि थाकसाहेब तिला सावरत होते. गुलाबी जागा मुरयांगपर्यंत रिकामी आली. आपण त्या बसमध्ये असतो तर नक्की उठलो असतो, असे वाचकाला वाटते आहे. त्या प्रवाशांनाही तसेच वाटत होते, म्हणून तर त्यांनी डोळे मिटून घेतले होते.